‘समुद्र तर तळ्यासारखा होता’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामित, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून दोन दिवस मुद्दामच उत्तर दिलं नाही. आता देतो, आणि जरा लांबलचक देतो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: फ्लोरिडात व्हेनिस गावासमोर समुद्राच्या तळाशी शार्कचे जीवाश्म झालेले दात सापडतात. तिथली ठरलेली डाइव्ह आम्ही आदल्या रात्री रद्द केली, कारण लाट होती दोनच फुटांची, पण नऊ सेकंदांची (म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला नऊ सेकंद). त्यावर तुमचं म्हणणं असं की आकाश निरभ्र, वारा पूर्वेचा जेमतेम पाच नॉट, समुद्र तळ्यासारखा, आणि आम्ही आकडे बघून घरी बसलो. त्याच सकाळी तुमचा मित्र किनाऱ्यावरूनच आत गेला आणि चौदा दात घेऊन आला, त्यातला एक अडीच इंची. साउथ कॅरोलिनातल्या कूपर नदीत तर लोक मिट्ट काळोखात तळहाताएवढे मेगलोडॉनचे (नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे) दात काढतात, मग व्हिजिबिलिटीचं एवढं स्तोम कशाला? शिवाय तुम्ही डायव्हिंग मालवणात शिकलात, आणि तिथले होडीवाले भांग (मंद भरती-ओहोटीचे दिवस) आहे की उधाण (मोठ्या भरतीचे) एवढं बघून पाणी कसं असेल ते सांगतात. ‘उगाच पांडित्य’ हे शब्द तुमचे.

आधी मित्राचं अभिनंदन. किनाऱ्यावरून जाऊन अडीच इंची मिळणं सोपं नाही. पण तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी कंसात तुम्ही गमतीनं एक वाक्य टाकलंय: ‘फक्त बाहेर निघाला तो अर्धा मैल लांब, सिलिंडर पाठीवर घेऊन वाळूतून चालत आला.’ अहो, माझा अख्खा लेख त्या कंसाबद्दलच होता.

दात सापडले याचं मला अजिबात नवल नाही. व्हेनिसचा डायव्हर तळावर काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे. पंचवीस-तीस फुटांवर जवळजवळ पोटावर झोपतो, तोंड तळापासून दीड-दोन फुटांवर, आणि खड्यांच्या पट्ट्यातून काळा, चकचकीत त्रिकोण हुडकत सरकतो. त्याला दिसायला हवा हातभर तुकडा. पाणी कितीही गढूळ असलं तरी बहुधा तेवढं दिसतंच. वाळूतून पुढचा खड्यांचा पट्टा गाठायला जरा जास्त लागतं, पण तेही नशिबावर जमून जातं. अडचण दातांची नाहीच. जोडीदार कुठे आहे, खाली डायव्हर असल्याचं बोटींना सांगणारा तरंगता झेंडा कुठे आहे आणि आपण कुठे आहोत, हे कळायला हातभर पुरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तीन वर्षांपूर्वी एका बोटीवरून गेलो होतो, कोणाच्या ते राहू दे. कप्तान म्हणाला, पंधरा फूट दिसतंय. वरून दिसतही होतं. नांगराच्या दोरीला धरून बायको आणि मी उतरलो, वीस फुटांपर्यंत पाणी झकास. त्याच्या खाली दोरी कुणी ताकात बुडवावी तशी दिसेनाशी झाली. तळाला टेकलो आणि हात पुढे केला, तर मनगट दिसत होतं, बोटं नाहीत. आणि सगळं पाणी झुलत होतं: चार-साडेचार सेकंद किनाऱ्याकडे, तेवढाच वेळ परत. वर लाट म्हणावी अशी काही नव्हती. मला नाकासमोर एक काळा त्रिकोण दिसला, उचलला, पिशवीत टाकला, मान वर केली तर ही नाही.

एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं, हा नियम आपण सगळे घोकतो. ते मिनिट किती लांब असतं ते घोकताना कळत नाही. वर आलो तर ती चाळीसेक मीटरवर, माझ्या नावानं शंख करत. झेंड्याची दोरी माझ्या हातात होती, म्हणजे ती झेंड्याशिवाय वर आली होती, आणि तेही रविवारी सकाळी, मोटरबोटींच्या गर्दीत. फ्लोरिडाच्या कायद्यानं खुल्या समुद्रात डायव्हरनं झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत राहायचा प्रयत्न करायचा असतो आणि बोटींनी तेवढ्या अंतरात वेग अगदी कमी करायचा असतो. पण बोटवाल्याला झेंडा दिसतो, झेंड्यापासून लांब निघालेलं डोकं दिसत नाही. तो दात अजून आमच्या फ्रिजवर आहे. दीड इंची, एका बाजूची कड झिजलेली. घरात त्याला ‘घटस्फोटाचा दात’ म्हणतात.

आता तुमचा बरोबर असलेला मुद्दा. ‘सात सेकंदांच्या वर लाट असेल तर जायचं नाही,’ असं मी ठोकून दिलं होतं. ते चुकलं. नुसत्या सेकंदांवर काही ठरत नाही, उंचीही बघायला हवी. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. चार सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे २५ मीटर लांब असते, म्हणजे १२ मीटरच्या आसपास तिचा जीव संपतो. आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, तिचा हात ५० मीटरपर्यंत जातो. व्हेनिसच्या ९ मीटरवर पहिली तळाला निसटती शिवते, दुसरी तळ घुसळते. मी हिशेब करून पाहिला: तीन फुटांची चार सेकंदांची लाट आणि एक फुटाची आठ सेकंदांची लाट, दोन्ही तिथल्या तळाशी पाणी सेकंदाला १३-१४ सेंटिमीटर वेगानं हलवतात. वरून बघणाऱ्याला पहिल्या दिवशी समुद्र खवळलेला दिसेल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखाच तो म्हणेल, तळ्यासारखा आहे. आम्ही रद्द केलं त्या दिवशीची दोन फूट, नऊ सेकंद घातली तर उत्तर येतं २७ सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट. लांब कुठेतरी वादळ घोंघावत असतं, त्याची लाट वारा पडला तरी येतच राहते. तुम्ही पाहिलेला पूर्वेचा वारा खरा होता. तिथे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, वरची सुरकुती मोडतो आणि समुद्र इस्त्री केल्यासारखा दिसतो. तळाला त्या इस्त्रीचा पत्ता नसतो.

म्हणजे नियम चुकीचा, पण त्या दिवशीचा निर्णय बरोबर. एवढं पांडित्य मला करू द्या.

लाट थांबली की दुसऱ्या दिवशी पाणी निवळतं, हाही एक लाडका समज आहे. कशानं गढूळलंय त्यावर ते अवलंबून. एक दशांश मिलिमीटरचा रेतीचा कण शांत पाण्यात ९ मीटर खाली यायला वीस मिनिटंही घेत नाही. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचा गाळाचा कण सव्वा दिवस घेतो. चिकणमातीचा अगदी बारीक कण एकेकटा राहिला तर महिनाभर लोंबकळेल. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून लवकर बसतात, ही समुद्राची कृपा. घरच्या माठात आपण निवळीची बी उगाळायचो तसंच काहीसं. म्हणून मी आजचा वारा बघत बसत नाही, मागचे तीन दिवस बघतो. हिवाळ्यात थंड वाऱ्याची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा दोन दिवस झोडपतो आणि मग पूर्वेला वळतो. वळल्याच्या पहिल्या सकाळी सगळे खूश होऊन सिलिंडर भरायला धावतात. मी आणखी एक दिवस थांबतो.

कूपर नदीचं उदाहरण तुम्ही हुकमाच्या एक्क्यासारखं टाकलंत, पण तिथलं काळं पाणी आणि व्हेनिसचं गढूळ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूपरचा रंग कुजलेल्या पानांतून उतरलेल्या टॅनिनचा आहे, कोऱ्या चहासारखा. चहा उजेड पितो, पण परत तोंडावर फेकत नाही. बऱ्या दिवशी चांगला दिवा लावला की दोन-चार फूट दिसतं. गाळाच्या पाण्यात दिवा लावणं म्हणजे आंबोली घाटात धुक्यात अप्पर मारणं, समोर नुसती पांढरी भिंत. शिवाय नदीला प्रवाह असतो, आणि तिथले लोक काळोख गृहीत धरूनच उतरतात: हातात तळाला रोवायला स्क्रूड्रायव्हर, ओहोटी-भरतीच्या वळणाची वेळ गाठलेली, सवय वर्षानुवर्षांची. त्यासाठी राज्याचा हॉबी परवाना लागतो, तोही खिशात असतो. ठरवून अंधारात जाणारा माणूस वेगळा, आणि पंधरा फुटांच्या भरवशावर उतरून अंधारात सापडलेला वेगळा.

भांग-उधाणाचं मात्र मला मनापासून पटलं. मालवणचे होडीवाले सांगतात ते तिथे खरंच आहे. आपल्याकडे पाणी खूप चढतं-उतरतं, मुंबईला तर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते. एवढं पाणी खाडीतून आत-बाहेर धावलं की गाळ उचलणारच, आणि भांगाच्या दिवसांत ते सुस्तावलं की निवळणारच. पण व्हेनिसला भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन फुटांचा. तिथे चंद्राकडे बघून पाणी सांगायला गेलं तर चंद्र हसेल. भरतीचा उपयोग एवढाच की ओहोटीला खाडीच्या तोंडातून चहाच्या रंगाचं पाणी बाहेर पडतं, तेव्हा त्या तोंडापासून लांब राहायचं.

सकाळी काठावर मी काय करतो ते मागच्या लेखात राहून गेलं. आमच्याकडे स्टीलची एक जुनी ताटली आहे. तिला पांढरा रंग दिला, मधोमध भोक पाडलं, खाली शिसं बांधलं आणि फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी लावली. आंजेलो सेक्की नावाच्या पाद्री खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून पांढऱ्या चकत्या सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता, त्याची ही कोल्हापुरी आवृत्ती (ताटली सासरची आहे). फिशिंग पिअरच्या टोकाला जाऊन सोडायची, दिसेनाशी झाली ती गाठ धरायची, वर ओढताना पुन्हा दिसली ती गाठ धरायची, दोन्हींचा मध्य काढायचा. लोक विचारतात, काय गळाला लावलंय? मी म्हणतो, जेवणाचं ताट.

ताटलीही फसवते, हे कबूल करतो. ती वरून खाली बघते आणि आपल्याला तळाशी आडवं बघायचं असतं. त्या रविवारी ताटली सोडली असती तर तिनंही पाणी झकासच सांगितलं असतं, कारण ताक होतं ते शेवटच्या पाच फुटांत. म्हणून हल्ली बोटीवरून ती तळापर्यंत जाऊ देतो आणि मधे कुठे ती हळूहळू फिकी न होता एकदम गडप होते का ते बघतो. एकदम गेली तर खाली थर आहे, मग वरचे फूट मोजण्यात अर्थ नाही.

या शनिवारचा अंदाज आत्ताच पाहिला: एक फूट, चार सेकंद, गुरुवारपासून पूर्वेचा वारा. आम्ही सकाळी सात वाजता पिअरवर ताटली घेऊन असू. तुमच्या मित्राला यायचं असेल तर जरूर या म्हणावं, आणि या खेपेला झेंडा घेऊन.