ग्रहण, पंचांग आणि आठवी ब

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली 'एक पालक' एवढीच सही आहे, तेव्हा नावाने हाक मारता येत नाही. तुमचं म्हणणं असं की, ग्रहणात शाळेने पडदे ओढून मुलांना वर्गात बसवलं यात बिघडलं काय? पालकांच्या श्रद्धेचा मानच ठेवला. मास्तरांनी विज्ञानाच्या नावाखाली ती मोडू नये. शिवाय रामानुजनना तर गणित नामगिरी देवी सांगायची.

देवघर माझ्याही घरी आहे. रोजची पूजा बायको करते, ती गावाला गेली की मी. त्यामुळे 'नास्तिक मास्तर' ही पदवी मला जरा मोठीच होते.

पण ज्या पंचांगात तुम्ही ग्रहणाचे वेध बघता, त्यातली स्पर्श-मोक्षाची, म्हणजे ग्रहण लागण्या-सुटण्याची वेळ येते कुठून? गणितातून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली 'ग्रहलाघव' लिहिलं. आपल्याकडची पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालली. पुढे जुनं गणित आकाशाशी जुळेना, तेव्हा गणिती केरूनाना छत्र्यांनी नव्या कोष्टकांवरून 1865 मध्ये पटवर्धनी पंचांग सुरू केलं. आकाश चुकलंय असं ते म्हणाले नाहीत.

रामानुजनचंही तसंच. देवीने सांगितलं म्हणून केंब्रिजचे गणिती हार्डींनी एकही सूत्र मान्य केलं नाही, सिद्धता मागितली. मूळसंख्यांबद्दलचे रामानुजनचे काही दावे तर चुकीचे निघाले. त्याने ना देवीचं काही गेलं, ना रामानुजनचं. सूत्र स्वप्नात सुचो की न्हाणीघरात, ते तपासायचं फळ्यावरच.

आता त्या दिवसाचं सांगतो. 26 डिसेंबर 2019, गुरुवार. कंकणाकृती ग्रहण दक्षिणेत, आपल्याकडे खंडग्रास. पडदे ओढायचा निरोप वर्गावर्गात फिरला. मी आठवी ब घेऊन मागच्या दाराने कडुलिंबाखाली गेलो (त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली). वर कुणी बघायचं नाही, हा माझाही नियम होता. ग्रहण बघू नको म्हणणाऱ्या आजीचं डोळ्यांच्या बाबतीत बरोबरच आहे. बघायचं ते खाली. पानांच्या फटींतून शहाबादी फरशीवर अर्धवट झाकलेल्या सूर्याच्या शेकडो कोरी पडल्या होत्या. घरून आणलेली गव्हाची चाळणी धरली, तर प्रत्येक भोकाची एक कोर. एक पोरगं म्हणालं, "सर, सूर्याची आहे तर चंद्रकोर कशी म्हणायची?" अख्ख्या तासात मला सुचला नसता असा प्रश्न.

एका मुलीने आजोबांच्या पंचांगातल्या वेळा वहीत उतरवून आणल्या होत्या. तिला ग्रहण सुटेपर्यंत पाणीही प्यायचं नव्हतं, आणि मी आग्रह केला नाही. वही आणि घड्याळ घेऊन ती शेवटची कोर भरेपर्यंत उभी राहिली. वेळ जुळली तेव्हा आनंद आजोबांचा म्हणायचा की माझा, कोण जाणे. घरी जाऊन तिने आंघोळही केली असेल. श्रद्धा मोडली ती नेमकी कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही. पडद्याआडच्या मुलांना मात्र त्या दिवशी काहीच दिसलं नाही, ना देवाचं ना विज्ञानाचं.

2 ऑगस्ट 2027 ला महाराष्ट्रातून पुन्हा खंडग्रास दिसेल, दुपार कलताना. सोमवार आहे. तुमच्या मुलाला पाठवा, आणि येताना पंचांग घेऊन तुम्हीही या. चाळणी मी आणतो.