'80 ला लॉक आहे, मग पट्टा कशाला?' : दाजींच्या फॉरवर्डला उत्तर

येत्या रविवारी आमचं अमळनेरचं अख्खं खटलं सप्तशृंगीला निघालंय. सात सीटची पिवळ्या पाटीची गाडी ठरली आहे. बसणारे नऊ, पण तो वाद वेगळा. मी घरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की मागे बसणाऱ्यांनीही पट्टे लावायचे. झालं! दाजींनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, आणि माय फोनवर म्हणाली, "देख, दाजी काय सांगी ऱ्हायनात." तिथे माझं डोकं फिरलं.

फॉरवर्डचं म्हणणं असं: टॅक्सीची गाडी कंपनी लंडनसारखी खास टॅक्सीसाठीच बनवते, तिचा पत्रा जाड असतो, आरटीओ पास करतं म्हणजे ती सुरक्षितच, कंपनीच्या सीएनजी टाकीला तपासणी लागत नाही, गॅस गळला तरी हलका म्हणून वर उडून जातो, आणि गाडी 80 ला लॉक असते (म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर पळू नये असं यंत्र तिला बसवलेलं असतं), म्हणून एअरबॅग, पट्टे ही नुसती कंपन्यांची कमाई. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण जीव घेणारा मुद्दा तोच आहे.

80 म्हणजे हळू असं कोणी सांगितलं? गाडीला मंजुरी देण्याआधी आपल्याकडे समोरच्या धडकेची जी सक्तीची चाचणी होते, ती ताशी 56 किलोमीटरला. नव्या मॉडेलना ती 2017 पासून लागली, बाकी सगळ्यांना 2019 पासून. गाड्या आदळून सुरक्षेचे स्टार देणारी परदेशी संस्था ग्लोबल एनकॅप आणि 2023 मध्ये सुरू झालेली आपली भारत एनकॅप, दोन्ही गाडी आदळतात ती 64 ला. म्हणजे ज्या 80 च्या भरवशावर दाजी पट्टा सोडायला सांगताहेत, त्या वेगाची हमी यातली एकही चाचणी देत नाही. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेतलं गणित आहे. 80 चा वर्ग 6400, 56 चा 3136. दुपटीहून जास्त. आणि चाचणीतल्या पुतळ्यांनाही पट्टा बांधलेला असतो हो! पट्टा काढला की ते स्टारही तुमचे नाहीत.

शिवाय लॉक आपल्या गाडीला, समोरून येणाऱ्या ट्रकला आपला ब्रेक लागत नाही. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत जायचंय. दुपदरी रस्त्यावर रात्री ओव्हरटेक करणाऱ्याचे दिवे अंगावर आले की आपला काटा 60 वर होता याचं समाधान किती वेळ पुरणार? आणि ते लॉक तरी जागेवर असतं का? कुठल्याही गॅरेजवाल्याला चहा पाजून विचारा.

एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करायला बनवलेली असते. पट्टा नसेल तर धडकेत माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणारी पिशवी वाचवण्याऐवजी तोंडावर बसते. मागच्या सीटला तर तीही नसते बहुतेक गाड्यांत. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले ते 2022 च्या सप्टेंबरात, पालघरजवळ, महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. मागे सुटा बसलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. आमच्या गाडीत पुढे बसणार कोण? स्वतः दाजी. मागे त्यांच्या सासूबाई.

आता 'खास टॅक्सीसाठी'. आपल्याकडे टॅक्सी मॉडेल म्हणजे बहुतेकदा घरगुती गाडीच, वरची सजावट काढलेली. कधी कधी तर मागच्या पिढीची. डिझायरचं नवं रूप 2017 मध्ये आलं, तरी आधीचं रूप 'टूर' नावाने टॅक्सीवाल्यांना पुढे कित्येक वर्षं विकलं जात होतं. खास कसली, शिळी म्हणा.

लंडनची काळी टॅक्सी मात्र खरोखर टॅक्सी म्हणूनच घडवलेली असते: अगदी लहान जागेत वळते, व्हीलचेअरसकट माणूस आत घेते. मान्य. पण तिलाही कोणी आकाशातून आणलेलं नाही. 2012 च्या ऑक्टोबरात टीएक्स-4 टॅक्सीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये दोष निघाला, 400 गाड्या परत बोलावाव्या लागल्या, विक्री थांबली आणि ती बनवणारी मँगनीज ब्राँझ कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेली. पुढे ती चीनच्या जीलीने घेतली. टॅक्सीसाठी बनवली म्हणजे चुकली नाही, असं खुद्द लंडनवालेही म्हणणार नाहीत.

जाड पत्र्याबद्दल एकच उदाहरण देतो, कारण गावात ज्या गाडीला रणगाडा म्हणतात तीच ही. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळली. शून्य स्टार. त्याच खेपेला मारुतीच्या ईको व्हॅनलाही शून्य. मग 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एन आली, तिला पाच. नाव तेच, पण आतला सांगाडा नवा होता आणि एअरबॅग आल्या होत्या. पत्रा वाजवून गाडी घेणारे आमचे काका अजूनही बोनेटवर टिचकी मारतात. ते मडकं घेताना ठीक आहे.

पासिंगबद्दल दाजींना अर्धा गुण देतो, मनाविरुद्ध. टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेस लागतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. म्हणजे ब्रेक, दिवे यांवर टॅक्सीत निदान कोणाची तरी नजर पडते. पण पासिंगला गाडी आदळून बघत नाहीत. सीट कव्हरखाली दाबलेले पट्टे कितीदा बघतात ते तुम्हीच आठवा.

सीएनजीचं थोडक्यात. टाकी कंपनीची असो की बाहेरून बसवलेली, दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, लागते. तारखेची पट्टी बघायची आणि मगच बॅगा ठेवायच्या. सीएनजी हवेहून हलका, गळला तर वर उडून जातो, हे फॉरवर्डमधलं वाक्य खरं आहे. घरगुती सिलिंडरचा गॅस मात्र जड. तो खाली साचतो. जळगावच्या इच्छादेवी चौकात 2024 च्या नोव्हेंबरात तो गाडीत भरतानाच भडका उडाला आणि माणसं गेली. ते आपल्या डोळ्यांसमोरचं आहे, तरी फॉरवर्डवाल्याला दोन्ही गॅस सारखेच.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दाजींनी अंगठा दिला. मायने आवाजी निरोप पाठवला, "काय व्हस रे, देवी शे ना!"

मग मी सरळ ड्रायव्हरला फोन लावला. म्हटलं, मधल्या आणि मागच्या सीटचे पट्टे वर काढून ठेव. तो म्हणाला, "भाऊ, कव्हर शिवून घेतलंय वरून, आता निघणार नाहीत." शनिवारी संध्याकाळी गाडी घरी घेऊन ये म्हणालो. ब्लेड माझ्याकडे आहे.