लॅटिन परफेक्ट ५ मिनिटांत? अजिबात नाही

आमची भाची जर्मनीत शाळेत लॅटिन शिकतेय, तिला कुणीतरी एक इमेज फॉरवर्ड केली आणि तिने ती मला पाठवली, "मावशी, हे बरोबर आहे ना? परवा टेस्ट आहे." वर मोठ्या अक्षरात "लॅटिन परफेक्ट ५ मिनिटांत" आणि सीझरचं वेनी वीदी वीकी (मी आलो, मी पाहिलं, मी जिंकलं), आणि खाली परफेक्ट, म्हणजे क्रियापदाचं हे भूतकाळाचं रूप, बनवायच्या आणि ओळखायच्या चार "ट्रिक्स". वाचून डोकंच फिरलं.

पहिली ट्रिक: क्रियापदाचा शेवटचा ओ काढा, आवी लावा, डिक्शनरीतली चार रूपं पाठ करायची गरज नाही. अरे बाबांनो, तुम्हीच वर छापलेली तीन क्रियापदं तरी तपासायची! वेनिओचं वेनिआवी होतं का? विदेओ-वीदी, विंको-वीकी, सरळ आतला स्वर दीर्घ झालाय आणि विंकोतला न गायब. (देवनागरीत लिहिलं की इ-ईचं ह्रस्व-दीर्घ लगेच दिसतं, हा आपला फायदा.) स्क्रीबो म्हणजे लिहितो, या ट्रिकने त्याचं स्क्रीबावी होईल, खरं रूप स्क्रीप्सी. दो म्हणजे देतो, त्याचं दावी होईल, खरं देदी. कुर्रो म्हणजे धावतो, त्याचं कुकुर्री, हे ऐकून भाची फोनवर पाच मिनिटं हसत होती. लहान मूल "मी करलं" म्हणतं तेव्हा आपण केलं म्हणायला शिकवतो ना, तसंच आहे हे. ॲलन आणि ग्रीनोचं १९०३चं लॅटिन ग्रामर उघडून बघा, व किंवा उ लावून, स लावून, पहिलं अक्षर दुप्पट करून, स्वर लांबवून, असे सगळे प्रकार दिलेत, आणि कुठल्या क्रियापदाला कुठला ते डिक्शनरीतल्या चार रूपांतलं तिसरं, परफेक्टचं, रूपच सांगतं. नेमकं तेच पाठ करू नका म्हणे!

ठीक आहे, अमो-अमावीच्या (प्रेम करतो-केलं) गटात ही ट्रिक बऱ्याचदा चालते, एवढं मान्य. पण दो दिसायला त्याच गटातलं, तरी देदीच.

दुसरी ट्रिक, व दिसला की परफेक्ट. वीवो म्हणजे जगतो, यात दोन व आहेत आणि हा वर्तमानकाळ. उलट स्क्रीप्सेरुंत म्हणजे त्यांनी लिहिलं, हा परफेक्ट, पण यात एकही व नाही. वर रोमन लोक अमाविस्तीचं (तू प्रेम केलंस) अमास्ती असंही लिहायचे, म्हणजे होता तो व पण गेला. ओळखायचं तर शेवट बघा, इस्ती, इस्तिस, एरुंत दिसलं की बहुतेक वेळा परफेक्ट. "इत" या शेवटाला तर जास्तच जपून, वेनित म्हणजे येतो पण आणि आला पण, फरक फक्त ए लांब की आखूड याचा, आणि नेमका ह्रस्व ए आपल्या लिपीत नाही.

तिसरी, अर्थ नेहमी "केलं आहे". मग सीझर काय "मी आलो आहे, मी पाहिलं आहे" म्हणत होता? "केलं" आणि "केलं आहे" दोन्ही अर्थ होतात, संदर्भ बघायचा.

चौथी, देदी हे संस्कृत ददौवरून (त्याने दिलं) उचललंय. साम्य खरंय, पहिलं अक्षर दुप्पट होतं, त्या जोडीतल्या पहिल्याला पाणिनी अभ्यास म्हणतो. पण उचललं नाही, दोन्ही भाषांचं मूळ एक, संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ मध्येच हे सांगून गेलाय.

असो. आज रात्री आम्ही दोघी फोनवर घोकतोय, दो, दरे, देदी, दतुम.