ग्रेगसाहेबाची शिकवणी

जुन्या काळचा फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू याचा विषय निघाला की क्रिकेटच्या गप्पांत कुणीतरी हे वाक्य टाकतंच: "बाळूला ग्रेगने घडवलं." माझं डोकं तिथेच फिरतं.

कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. जन्म १८७१, महूचा. गोऱ्या फौजेतला अधिकारी, टोपणनाव 'जंगली' (नावाच्या उच्चारावरून पडलेलं, स्वभावावरून नव्हे). १८९०च्या दशकात पुण्यात होता आणि इथल्या गोऱ्यांच्या 'युरोपियन' संघाचा हुकमी फलंदाज होता.

त्याच काळात गोऱ्यांच्या पूना क्लबात पालवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला पोरगा महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, साहेबांना गोलंदाजी करायची. डावखुरा फिरकी गोलंदाज. असं सांगतात की ग्रेग बाकीच्यांच्या आधी मैदानावर हजर व्हायचा आणि एकट्या बाळूसमोर सराव करायचा. बाद झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा. हिशेब करा: साहेबाचा आठ वेळा त्रिफळा उडवला की महिन्याचा पगार वसूल! बॅट मात्र बाळूच्या हाती कधी दिली नाही, तो मान गोऱ्यांचाच.

आता सांगा, शिकवणी कोण कुणाला देत होतं? वळणाऱ्या चेंडूवर पाय कुठे टाकायचा, हे रोज सकाळी फुकटात नाही, तर आठ आण्यांच्या फीवर शिकणारा ग्रेग होता. पुढे १९०१ मध्ये हॅम्पशायर या इंग्लिश काउंटी संघाकडून त्याने लँकशायरविरुद्ध नाबाद २४९ काढल्या. त्या धावांचं सगळं श्रेय मी बाळूला देणार नाही, ग्रेग खराच गुणी होता. पण पुण्यातल्या त्या जाळीचा वाटा स्कोअरबुकात कुठे दिसतो?

ग्रेग मला खलनायकही वाटत नाही. गुण ओळखायची नजर त्याला होती, आणि त्या काळात तीही दुर्मीळ. पुढे हॅम्पशायरचा सचिव झाला, उतारवयात चक्क कॅथलिक धर्मगुरू. भला अवलिया!

पण बाळूच्या चेंडूला वळण आठ आण्यांनी आलं नव्हतं. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं, त्यात त्याच्या आठ विकेट्स. भारतीय संघाच्या १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. तिथे त्याला कोणता साहेब शिकवायला गेला होता?

वाद घालायचाय त्यांनी कमेंटमध्ये खुशाल घाला. फक्त "साहेबांची कृपा" म्हणून सुरुवात करू नका.