शिंगांची ती मूर्ती सैतानाची नाही

उजव्या हातात सुरा, डाव्यात मुंडकं, डोक्यावर शिंगं, अशा लाकडी मूर्तीचा फोटो ‘करणी करणारा आफ्रिकी सैतान’ म्हणून फिरतोय. परवा मीही तो पुढे ढकलला. चूक माझी. ही नायजेरियातल्या इग्बो लोकांची ‘इकेंगा’. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात अशा मूर्ती आहेत, त्यांच्या नोंदी कुणालाही वाचता येतात. इकेंगा म्हणजे माणसाच्या उजव्या हाताचं बळ, स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलेलं यश. इग्बोत उजव्या हाताला ‘आका इकेंगा’च म्हणतात. शिंगं एडक्याची, डोकं खाली घालून थेट भिडणाऱ्या. मुंडकं लढाईतल्या पराक्रमाची खूण. घरातल्या या मूर्तीपुढे कोला या आफ्रिकी झाडाच्या बियांचा नैवेद्य ठेवतात. तो जुना मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका, माझ्याकडून गेलेला असेल तर डिलीट करा.