शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स

इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माझ्या इंग्रजीला इचलकरंजीत कोणी विचारत नव्हते. पण कापडाच्या खरेदीसाठी मी चीनच्या झेजियांग प्रांतात, शाओशिंगमधील केचाओ येथे बिऱ्हाड केले आणि पाहता पाहता माझी गणना जाणकारांत होऊ लागली. केचाओ हे कापडाचे गाव आहे. तिथल्या अवाढव्य घाऊक बाजारात जगभरचे व्यापारी येतात, त्यांत आपले लोकही पुष्कळ, आणि या सर्वांच्या व्यवहाराची खरी भाषा कॅल्क्युलेटर ही आहे. गाळ्यातली बाई आकडा दाबून यंत्र आपल्यापुढे सरकवते, आपण तोंड वाकडे करून तो पुसतो आणि आपला आकडा दाबून यंत्र परत सरकवतो. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की दोघांनाही न आवडणाऱ्या एखाद्या आकड्यावर सौदा पटतो. मधल्या वेळात 'माय फ्रेंड', 'लास्ट प्राइस', 'नो प्रॉफिट' असे जे काही बोलले जाते ते निव्वळ पार्श्वसंगीत असते. या पार्श्वसंगीताच्या जोरावर माझ्या घरमालकांनी मला इंग्रजीचा पंडित ठरवले आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

चिनी नववर्षाची सुट्टी संपली आणि एका रविवारी घरमालक हिरव्या चहाचा डबा घेऊन दारात उभे राहिले. घरमालक स्वतःहून भेटवस्तू घेऊन येतो तेव्हा भाडेकरूने सावध व्हावे, एवढे मला त्या वयात कळायला हवे होते. त्यांची एकुलती एक मुलगी त्या जूनमध्ये गाओकाओला बसणार होती. गाओकाओ म्हणजे विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा. साधारणतः दर वर्षी ७ जूनला ती सुरू होते. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली होती. एकूण गुण ७५०, त्यांत चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि परकीय भाषेला, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजीलाही, १५०. झेजियांगमध्ये इंग्रजीचा पेपर जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा देता येतो आणि दोहोंपैकी जास्त असतील ते गुण धरतात. जानेवारीत मुलीला १२१ मिळाले होते. आमच्या वेळी इंग्रजीत ऐंशी टक्के मिळवणाऱ्याच्या घरी गल्लीने पेढे खाल्ले असते. घरमालकांच्या चेहऱ्यावर मात्र सुतक होते. "तुम्हा भारतीयांचं इंग्रजी चांगलं असतं," ते म्हणाले, आणि उठता उठता, अगदी सहज सुचल्यासारखे, घराचा करार जुलैत संपत असल्याचेही त्यांनी बोलून दाखवले. मी शिकवणी पत्करली.

मुलगी मला 'शूशू' म्हणत असे, म्हणजे काका. आठवडाभर ती सकाळी सातच्या आत शाळेत जाऊन मोठमोठ्याने पाठांतर करी, रात्री दहापर्यंत तिथेच स्वाध्यायाला बसे, आणि रविवारी दुपारी तिला जी तीन तासांची मोकळीक मिळे तीत ती माझ्या वाट्याला येई. पहिल्याच दिवशी तिने सराव प्रश्नपत्रिकांचा, एखाद्या बँकेच्या खतावणीएवढा जाड गठ्ठा टेबलावर ठेवला आणि अत्यंत नम्रपणे सुचवले की, शूशूंनी आधी एक प्रश्नपत्रिका सोडवून दाखवावी, म्हणजे तिला पद्धत समजेल. वेळ १२० मिनिटे. तिने मोबाइलवर गजर लावला आणि ध्वनिफीत सुरू केली.

परीक्षेची सुरुवात ऐकण्याच्या प्रश्नांनी होते. वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. आरंभी एक उदाहरण असते. एक माणूस दुकानात विचारतो, शर्ट केवढ्याला. आणि पर्याय असतात तीन: १९ पौंड १५ पेन्स, ९ पौंड १८ पेन्स आणि ९ पौंड १५ पेन्स. मी कापडवाला माणूस. शर्ट म्हटल्याबरोबर माझे डोके आपोआप चालू लागले. ५८ इंची पन्ह्यातून पूर्ण बाहीच्या शर्टाला दीड-पावणेदोन मीटर कापड, त्यावर शिलाई, बटणे, कॉलरचे कॅनव्हास, पॅकिंग, जहाजाचे भाडे, शिवाय दुकानदाराचा नफा. एवढे सगळे धरून इंग्लंडातल्या दुकानात नऊ पौंडांना शर्ट कोण विकील? एकोणीसचा भाव रास्त होता. मी पहिल्या पर्यायावर खूण केली. मुलीने ध्वनिफीत थांबवली.

"शूशू, हे उदाहरण आहे. याला गुण नाहीत, आणि याचं उत्तर तिथेच छापलेलं आहे."

उत्तर 'सी' होते. शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स आहे, हे चीनमधल्या कोणत्याही शाळकरी मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. कारण कित्येक वर्षे हाच शर्ट याच भावाने विकला जात आहे. महागाई त्याला शिवत नाही. मी भावाच्या योग्यायोग्यतेवर आणखी थोडे बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि फीत पुन्हा सुरू केली, तरी माझे चित्त कॉलरच्या कॅनव्हासमध्ये अडकलेलेच होते, आणि पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात हा नियम मला सहाव्या संवादाच्या वेळी समजला. पुढे एक बाई आणि एक पुरुष तिकिटाविषयी काहीतरी बोलले आणि त्या दोघांचे नाते काय असावे, असा प्रश्न आला. परक्या बाई-पुरुषाच्या नात्याची चौकशी करणे आमच्या घरच्या वळणात बसत नसल्याने मी तो प्रश्न सोडून दिला.

दोन तासांनी तिने उत्तरे तपासली. मला १५० पैकी ८१ गुण होते. ९० ला उत्तीर्ण समजतात. गुण सांगताना तिने खालमानेने "प्रश्नपत्रिका कठीण होती" असे म्हटले, ते मला ८१ पेक्षा जास्त लागले.

खरी नामुष्की व्याकरणात झाली. मी 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लिहिले होते. आपल्याकडे 'अबाउट' लावल्याशिवाय चर्चेला वजन येत नाही, हे तिला कसे पटवावे? मला दोन भाऊ आहेत हे मी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असे सांगितले, तेव्हा ते सध्यापुरतेच आहेत का असे तिने काळजीने विचारले. 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' तिने लाल शाईने खोडला. त्या दिवसापासून आमच्या शिकवणीची दिशा हळूहळू फिरली. चहा मात्र माझ्याच घरचा होत राहिला.

शब्दसंग्रहासाठी तिच्याकडे ३,५०० शब्दांची, कडा काळवंडलेली एक पुस्तिका होती. वर्णानुक्रमाने लावल्यामुळे तिच्या आरंभीच 'अबॅन्डन' हा शब्द येतो, म्हणजे सोडून देणे. चीनमधील विद्यार्थी प्रत्येक सत्राच्या प्रारंभी नव्या निर्धाराने पहिल्या पानापासून सुरुवात करतात, आठवड्याभरात गळतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्या पानावर येतात. त्यामुळे हा एक शब्द साऱ्या देशाचा पक्का आहे. मीही पुस्तिका मागून घेतली. तिसऱ्या दिवशी मला 'अबॅन्डन'चा अर्थ अनुभवाने कळला.

उताऱ्यावरच्या प्रश्नांसाठी मात्र तिने मला जी विद्या दिली ती कुठल्याही शिक्षकाने वर्गात सांगितली नसती. चार पर्यायांपैकी तीन लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडावा. तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब. दोन-दोन असतील तर 'बी'. आणि काहीच मेळ लागत नसेल तर डोळे मिटून 'सी'. चिनीत हे यमक जुळवून म्हणतात. ती स्वतः हे कधी वापरत नसे, उतारा वाचून उत्तर देत असे. मी वापरून पाहिले आणि माझे गुण चारने वाढले. कापडात ज्याला आपण हाताला लागणारा पोत म्हणतो तसाच हा उत्तराचा पोत. आत काय विणले आहे ते पाहण्याची गरज नाही.

मग ली हुआ. हा ली हुआ कोण, हे चीनमध्ये कोणालाही ठाऊक आहे आणि त्याला पाहिलेला मात्र कोणी नाही. 'समजा, तुम्ही ली हुआ आहात' असे प्रश्नपत्रिका फर्मावते, आणि लाखो मुले त्या क्षणी ली हुआ होऊन परदेशी मित्राला सुमारे ८० शब्दांचे पत्र लिहितात. ली हुआ वर्षानुवर्षे शाळेतच आहे. तो पीटरला प्रदर्शनाला बोलावतो, दिलगिरी व्यक्त करतो, चिनी कशी शिकावी याचा सल्ला देतो, आपल्या निबंधातल्या चुका दाखवण्याची विनंती करतो. आणि त्या निगरगट्ट पीटरने त्याला उत्तर पाठवल्याचे कोणी ऐकलेले नाही. आमच्या प्रश्नात ली हुआने पीटरला चहावरील व्याख्यानाचे निमंत्रण द्यायचे होते. पत्रव्यवहार हा माझा रोजचा धंदा. मी हुरूपाने लिहिले: 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अवर टेलिफोनिक डिस्कशन, यू आर रिक्वेस्टेड टू अटेंड द टी. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

तिने ते दोनदा वाचले. "शूशू, हे नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचं?"

"जे आवश्यक असेल ते."

"पण काय आवश्यक आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही."

हेच तर त्या वाक्याचे सामर्थ्य आहे, त्यावर आमचे अर्धे सरकारी आणि सगळे खासगी कामकाज चालते, असे मी सांगितले. तिने १५ पैकी ५ गुण दिले आणि समोर एक वाक्य लिहून दिले: 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड...' कोणतीही मागणी असो, ती यापुढे जोडायची, परीक्षक विरघळतो. हे वाक्य मी दहा वेळा लिहून काढले.

शेवटचा, २५ गुणांचा प्रश्न गोष्ट पुरी करण्याचा. अर्धी गोष्ट ते देतात, पुढच्या दोन परिच्छेदांचे पहिले वाक्यही देतात आणि उरलेले सुमारे १५० शब्दांत आपण निस्तरायचे. झेजियांगने हा प्रकार २०१६ साली परीक्षेत आणला. जून २०१७ च्या गोष्टीत सायकलने अलास्काला निघालेल्या एका शिक्षकामागे लांडगा लागतो. २०२० च्या गोष्टीत नवरा-बायको ध्रुवीय अस्वलाचे छायाचित्र घ्यायला जातात. जानेवारी २०२१ मध्ये भोपळ्यात डोके अडकते. चीनमधील मुलांना परदेशात राहणे किती जोखमीचे वाटत असेल याची यावरून कल्पना यावी. आम्ही लांडग्याची गोष्ट घेतली. पहिले वाक्य दिलेले होते की, गाडी त्याच्यासमोर अचानक थांबली. मी पुढे लिहिले की, चालकाने काच खाली करून कुठे जायचे ते विचारले, शिक्षकाने सांगितले, चालकाने भाडे सांगितले, शिक्षकाला ते जास्त वाटले. निम्म्यावर तडजोड होईपर्यंत माझे दीडशे शब्द संपले आणि लांडगा तसाच ताटकळत उभा राहिला. "इथे भावना हव्यात," मुलगी म्हणाली. भीतीने त्याला ग्रासले पाहिजे, काळीज ढोलासारखे वाजले पाहिजे, गालांवरून अश्रू ओघळले पाहिजेत आणि अखेरीस सर्वांवर मावळतीचा सोनेरी प्रकाश पडला पाहिजे. अशी वाक्ये तिने वहीत भीती, आनंद, पश्चात्ताप अशा कप्प्यांत लावून ठेवली होती, जशी आमच्या दुकानात नमुन्याच्या कापडांची पुस्तके असतात.

अक्षराचीही एक कथा आहे. उत्तरपत्रिका यंत्रातून काढून पडद्यावर तपासतात, त्यामुळे अक्षर छापल्यासारखे गोल, सरळ आणि सुटे असावे लागते. हेबेई प्रांतातील हेंगशुई या गावाच्या नावाने ओळखले जाणारे असे वळण मुले कित्ते गिरवून घोटतात. तिने अर्धा मिलिमीटर टोकाचे काळे पेन माझ्या हाती दिले. बिलबुकांवर सही करून करून बनलेले माझे अक्षर पाहून तिने कुतूहलाने विचारले, ही तुमची भारतातली लिपी का?

८ जूनला दुपारी तीन वाजता इंग्रजीचा पेपर होता. मी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी गेलो तेव्हा रस्ता बंद केलेला होता, शेजारच्या बांधकामावरचे यंत्र थांबलेले होते, आणि पालकांची गर्दी हातांत सूर्यफुले घेऊन उभी होती. पहिला क्रमांक पटकावण्यासाठीच्या चिनी शब्दाशी त्या फुलाच्या नावाचा उच्चार जुळतो. घरमालकीणबाई लाल चिपाओ, म्हणजे अंगासरसा पारंपरिक चिनी झगा, घालून आल्या होत्या, कारण तेही शुभ. त्यांनी तो अस्सल रेशमी म्हणून घेतला होता. मी लांबूनच ओळखले की पॉलिएस्टर आहे, पण 'सुंदर' एवढेच म्हणालो.

तीन वाजले. आत ऐकण्याचे प्रश्न सुरू झाले असणार, म्हणून बाहेर कोणी खोकतही नव्हते. एका आजोबांनी हातातला पंखासुद्धा थांबवला. आणि त्या शांततेत माझ्या खिशातून लेझीम-हलगी वाजू लागली. भारतात साडेबारा वाजले होते आणि इचलकरंजीहून भागीदाराला नेमके याच घटकेला कोऱ्या कापडाच्या गाठींविषयी बोलायचे होते. शंभरेक आयांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. इथे चिनीत मावशी-काकूंना 'आयी' म्हणतात, तेव्हा दोन्ही भाषांतल्या आया एकदमच माझ्यावर संतापल्या असे म्हणायला हरकत नाही. फोन बंद करण्याच्या गडबडीत मी तो उचलला. "अरे, मीटरला किती म्हणाला ते?" असा खणखणीत प्रश्न फाटकावर आदळला. मी दोन्ही हातांनी फोन पोटाशी दाबून कोपऱ्यापर्यंत पळालो आणि तोंडातून निघून गेले: नऊ पंधरा.

पाच वाजता मुलगी बाहेर आली. मी इंग्रजीत विचारले, कसा गेला? ती चिनीत म्हणाली, ठीक. महिनाअखेरीस निकाल लागला. तिला १३७ मिळाले होते.

जुलैत घरमालक पुन्हा आले. या वेळी चहाचा डबा नव्हता, कॅल्क्युलेटर होता. त्यांनी नवे भाडे दाबून यंत्र माझ्यापुढे सरकवले. मी तोंड वाकडे केले, पण आकडा पुसला नाही. सरळ बसून, प्रत्येक शब्द सुटा उच्चारत म्हणालो: 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड कीप द रेंट ॲज बिफोर.' मुलीने ते वडिलांना चिनीत समजावून सांगितले. घरमालकांनी मान डोलावली, कौतुकाने हसले आणि यंत्रावरचा आकडा तसाच ठेवला. दाराशी चपला घालताना मुलगी मागे वळून म्हणाली, "वाक्य अगदी बरोबर होतं, शूशू."