कॅसेटच्या चौकटीत न मावलेला मायकेल मायर्स

गेल्या आठवड्यात ‘हॅलोवीन २’ हा मुखवटाधारी खुनी मायकेल मायर्सचा १९८१ सालचा भयपट ब्लू-रेवर पुन्हा पाहिला, आणि त्याच्याविषयी इतकी वर्षे मी जे मत ठामपणे सांगत आलो ते निम्म्याच चित्रपटावरून बनवलेले होते, हे ध्यानात आले. निम्मा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. हा चित्रपट २.३५ : १ या रुंद प्रमाणात चित्रित झालेला आहे, मी तो पाहिला होता भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, जिथे टीव्हीचा चौकोनी पडदा भरून दिसावा म्हणून चित्राच्या कडा छाटून टाकलेल्या असत. साधा हिशेब केला तरी मूळ चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग त्यात गळून पडतो.

एखाद्या कौटुंबिक चित्रपटात कडा गेल्या तर फार तर भिंतीवरचे कॅलेंडर जाते. इथे मात्र कडेचा अंधार हेच खरे पात्र आहे. छायाचित्रकार डीन कंडी पहिल्या भागाचेही आणि याही भागाचे. माणूस चौकटीच्या एका बाजूला ठेवायचा आणि उरलेली जागा रिकामी सोडायची, म्हणजे प्रेक्षक आपणहून त्या रिकाम्या जागेवर लक्ष ठेवू लागतो, ही त्यांची रीत. परिचारिका जॅनेट डॉक्टरांची खुर्ची वळवते, त्यांच्या डोळ्यात रुतलेली सुई पाहून मागे सरकते, आणि तिच्या पाठीमागच्या काळोखातून तो पांढरा मुखवटा अगदी सावकाश उमटतो. कॅसेटवर काळोख असा नसेच, नुसता करडा चिखल असे. त्यामुळे मुखवटा उमटत नव्हता, टपकत होता. दचकणे आणि भीती वाटणे यांत जो फरक आहे तो मला या एका प्रसंगात नीट कळला.

चित्रपट जिथे घडतो त्या हॅडनफील्ड गावच्या रुग्णालयात इतकी कमी माणसे कशी, हा आक्षेप जुना आहे आणि मीही तो हिरिरीने मांडत असे. तो चुकीचा आहे असे आजही म्हणणार नाही, कारण जिथे रुग्णांपेक्षा दिवे अधिक आहेत असे रुग्णालय जगात कुठे नसावे. परंतु संपूर्ण रुंदीत ते लांबलचक रिकामे बोळ पाहताना तर्क मागे पडतो आणि मायकेल जिच्या मागावर आहे त्या लॉरी स्ट्रोडचे एकटेपण पुढे येते. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसला बराच काळ खाटेवर पडून राहण्याखेरीज फारसे काम नाही, ही तक्रार मात्र कायम आहे. (स्वच्छ प्रतीचा एक तोटा असा की तिचा केसांचा टोप लपत नाही. कथा त्याच रात्री पुढे चालू राहते, पण दोन चित्रपटांत तीन वर्षांचे अंतर होते आणि मधल्या काळात तिने केस आखूड केले होते. मुखवटाही पहिल्याच चित्रपटातला, तीन वर्षांत पिवळसर पडलेला आणि या भागात मायकेल झालेल्या डिक वॉरलॉक यांच्या डोक्यावर जरा वेगळाच बसलेला.)

दिग्दर्शक रिक रोझेन्थाल यांना पहिल्या भागासारखा संयमी चित्रपट हवा होता. पण १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या रक्तबंबाळ भयपटाने बाजार बदलला होता, आणि तयार झालेला चित्रपट मवाळ वाटल्यामुळे पहिल्या भागाचे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी काही रक्तरंजित प्रसंग स्वतः चित्रित करून त्यात घातले. ज्याने पहिल्या चित्रपटात रक्ताचा जवळजवळ थेंब न सांडता घाबरवले, त्यानेच दुसऱ्यात रक्ताची भर घालावी, हा विरोधाभास मला चटका लावतो.

तरीही माझे मोठे भांडण रक्ताशी नाही, पटकथेशी आहे. ती कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांची. गाडीत बसलेल्या डॉ. लूमिस या मायकेलच्या मनोविकारतज्ज्ञांना सांगितले जाते की लॉरी ही मायकेलची बहीण आहे, आणि त्या एका वाक्याने पहिल्या चित्रपटाच्या भीतीचा पायाच उखडला जातो. पहिल्या चित्रपटात लॉरी त्या सकाळी मायर्स कुटुंबाच्या ओसाड घराच्या दाराशी किल्ली ठेवायला गेली, मायकेलने आतून तिला पाहिले, तिच्या मागे लागण्याचे एवढेच कारण होते. तिच्या जागी कुणीही असू शकले असते, तुम्ही किंवा मीसुद्धा. बहीण ठरल्यावर तो भाऊबंदकीचा मामला होतो, आणि भाऊबंदकीला आपण घाबरत नाही, सरावलेले असतो. २०१८ च्या चित्रपटाने हे नाते लोकांनी रचलेली गोष्ट म्हणून एका वाक्यात झटकून टाकले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते.

दूरचित्रवाणीसाठी या चित्रपटाची वेगळी आवृत्ती केली गेली होती, आणि २०१२ साली निघालेल्या अमेरिकी संग्राहक संचात तीही दिलेली आहे. तिच्यात रक्त कमी, प्रसंगांचा क्रम निराळा, आणि शेवटी रुग्णवाहिकेत पांढऱ्या चादरीखालून उठून बसतो तो रुग्णवाहिकेवर काम करणारा जिमी, जिवंत. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत लॉरी रुग्णवाहिकेत एकटीच असते आणि ‘मिस्टर सँडमन’ हे गोडसर गाणे सुरू होते. दोन्ही शेवट लागोपाठ पाहिले. जिमीचे जगणे सुखद आहे खरे, पण तिच्या शेजारची ती रिकामी जागा मला जास्त पटली.